हिरव्या पट्टीतली रेघ

आमच्या विभागात मला शंकासुर म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही. आमच्या भिंती रेडिएशन अडवायला पुरुषभर जाडीच्या बांधलेल्या आहेत, तरी ही बातमी त्यांतून आरपार माझ्यापर्यंत आलीच.

मी हॉस्पिटलात फिजिसिस्ट आहे. नातेवाईक मला सर्दीवरचं औषध विचारतात आणि मी डॉक्टर नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. कॅन्सरच्या पेशंटला ज्या मशीननं रेडिएशन देतात ते मशीन सांगितलंय तेवढंच आणि सांगितलंय तिथंच देतंय ना, हे पाहणं माझं काम. थोडक्यात, मला संशय घेण्याचा पगार मिळतो. रोज सकाळी पेशंट यायच्या आधी मी मशीनची उलटतपासणी घेते, दुपारी विद्यार्थ्यांना तेच शिकवते, आणि घरी गेल्यावर गॅस बंद आहे का ते दोनदा पाहते. नवरा म्हणतो, तू झोपेतसुद्धा भुवई वर करून झोपतेस.

आणि अशा या माझ्या मशीनवर माझी मावशी येऊन आडवी झाली.

मावशी म्हणजे माझी आईच. आई मी बोलायला लागायच्या आतच गेली, आणि मावशीनं मला उचलून घरी आणलं ते कायमचंच. तिनं लग्न केलं नाही. शाळेत कवायत शिकवायची आणि सुट्टीत मुलांना पोहायला. 'छाती पुढे, पोट आत, नजर समोर' हे तिचं जन्मभराचं बोलणं. मी पुस्तकावर वाकून बसले की मागून येऊन कण्यात बोट खुपसायची. अजूनही खुपसते. माझे केस पिकायला लागले तरी ती माझी पाठ सरळ करायची थांबलेली नाही.

मला पोहायला तिनंच शिकवलं. पाण्यावर पाठीवर तरंगायचं, तिचा हात माझ्या पाठीखाली. "हात आहे हं खाली," असं ती म्हणत राहायची. एक दिवस मी मान वळवून पाहिलं तर बाई तलावाच्या काठावर उभ्या, दोन्ही हात कमरेवर, आणि तोंडानं मात्र "हात आहे हं!" मी तिथल्या तिथे बुडाले आणि तलावाचं भरपूर पाणी प्याले. ती हसून लोटपोट. मी पोहायला शिकले हे खरं, पण त्या दिवसापासून कुणी 'आहे' म्हटलं की मी आधी हात लावून बघते.

तिच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ होती. ऑपरेशन नीट झालं, त्यानंतर रेडिएशन ठरलं. डावी बाजू म्हटलं की आम्ही लोक प्रत्येक आकडा दोनदा तपासतो, कारण तिच्या मागेच हृदय असतं. त्याला रेडिएशन लागलं तर आज काहीच कळत नाही. काही वर्षांनी कळतं. आणि मावशीचं हृदय आधीच डागडुजी केलेलं, आत एक स्टेंट बसवलेला. तिच्या डॉक्टरीणबाई मला स्पष्टच म्हणाल्या होत्या, "या हृदयाला नको असलेलं रेडिएशन थेंबभरही परवडणार नाही."

त्यावर उपाय आहे, आणि तो साधा आहे. पेशंटनं खोल श्वास घेऊन रोखून धरला की फुफ्फुसं फुगतात आणि हृदय छातीच्या भिंतीपासून बोटभर मागे सरकतं. त्या बोटभर जागेच्या जोरावर आम्ही हृदयाला वाचवतो. पेशंट टेबलावर उताणा झोपतो. छाती संपून पोट सुरू होतं तिथं आम्ही प्लॅस्टिकची एक छोटी डबी ठेवतो. श्वासाबरोबर डबी वर-खाली होते, कॅमेरा तिच्यावर नजर ठेवतो, आणि बाहेर आमच्या पडद्यावर एक रेघ धावते. पडद्यावर एक हिरवी पट्टी आखलेली असते. रेघ पट्टीत आली की बाहेरून बटण दाबून बीम, म्हणजे रेडिएशनचा झोत, चालू करायचा; पट्टीतून सुटली की तो आपोआप बंद.

पूर्वी टेक्निशियन बाहेरून माइकवर ओरडायची, "घ्या श्वास, अजून घ्या, धरा." मी त्याऐवजी चष्मा आणला. पेशंटच्या डोळ्यांवर चष्मा, त्याच्या आत छोटा पडदा, त्यावर तीच रेघ आणि तीच पट्टी. पेशंट स्वतःच बघतो आणि रेघ पट्टीत नेतो. लोकांना हा खेळ झटक्यात जमला. मी त्यावर अभ्यास केला, लेख लिहिला, दुसऱ्या हॉस्पिटलांतली माणसं बघायला यायला लागली. आमचे विभागप्रमुख सर पाहुण्यांना चष्मा असा दाखवायचे की जणू घरातली उपवर मुलगी.

मावशीच्या वेळी एक अडचण होती. आपल्या माणसाच्या प्लॅनला हात लावायचा नाही आणि त्याची ट्रीटमेंट चालू असताना मशीनच्या बटणांपाशी उभं राहायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तो मीच लिहिला होता. 'आपल्या माणसाच्या बाबतीत आपण एक तर नसलेलं बघतो, नाही तर असलेलं बघत नाही', असं एक सुबक वाक्यही मीच त्यात घातलं होतं. तेव्हा ते वाक्य मला भारी वाटलं होतं.

म्हणून मी लांबून बघायची. मशीनची खोली कॉरिडॉरच्या टोकाला, माझी त्याच्या अलीकडची. मावशी कपडे बदलून, हॉस्पिटलचा गाऊन घालून, परेडला निघाल्यासारखी ताठ चालत माझ्या दारावरून जायची आणि न बघता दारावर टिचकी मारायची. मग माझ्या पायाला भिंगरी लागायची. मी पाणी प्यायला उठायची, नको असलेला कागद छापायला उठायची, परत बसायची. मशीन चालवणाऱ्या टेक्निशियनला आम्ही सगळे ताई म्हणतो. त्या बाहेर आल्या की मी काही विचारायच्या आत त्याच सांगायच्या, "झालं हो मॅडम. बसा आता."

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस मावशीला आत फार वेळ लागला. माझा जीव टांगणीला. शेवटी ताई बाहेर आल्या.

"आज रेघ पट्टीपर्यंत येतच नव्हती. चढते आणि खालीच राहते. खूपदा करून घेतलं तेव्हा कुठे झालं."

"दमली असेल."

"दमल्यात खऱ्या. पण असंच राहिलं तर डॉक्टरांना सांगावं लागेल. श्वासाची पद्धत सोडावी लागेल कदाचित."

"असं कसं सोडावी लागेल?" माझा आवाज चढला. "माझ्या चष्म्यावर माझ्याच मावशीला जमू नये? लोक लांबून बघायला येतात इथे! तिला म्हणावं, मनावर घे जरा."

बोलले खरी. कपडे बदलायच्या खोलीचं दार आमच्यापासून हातभर लांब होतं आणि त्या दाराची जाडी मात्र साध्या दाराएवढीच होती.

दुसऱ्या दिवशी ताई हसतच बाहेर आल्या. "मॅडम, आज तुमच्या मावशींनी कमाल केली. पहिल्या झटक्यात रेघ पट्टीत, आणि जागची हलली नाही." तिसऱ्या दिवशी तेच, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. ताईंनी मला रेघेचा प्रिंट दाखवला. फळीवर पट्टी ठेवून आखावी तशी रेघ. मी तो प्रिंट सरांना दाखवला. सर म्हणाले, "व्वा! पाहुण्यांच्या लेक्चरला हाच घ्या." त्या दिवशी मी कॉरिडॉरमधून चक्क गुणगुणत गेले.

घरी मावशी ऐटीत होती.

"काय गं ठमे, आज कितीपैकी किती?"

"पैकीच्या पैकी."

"मग! अगं, नुसतं पट्टी हिरवी करायचं काम. शाळेतल्या पोरांनीसुद्धा केलं असतं."

"श्वास घेताना दुखत नाही ना?"

"छे! मला कुठे काय दुखतंय?" असं म्हणून ती खुर्चीवरून उठली आणि उठता उठता तिचा हात कमरेकडे गेला. "तेवढं जरा पाठीला मलम चोळून दे. तुमचं ते टेबल मेलं दगडासारखं आहे."

मी मलम चोळून दिलं. कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू गाठी मारल्यासारखे घट्ट झाले होते. टेबल कडक असतं हे मला माहीतच होतं. टेबलावर एखादी पातळ गादी घालता येईल का, मग रेडिएशनचा हिशोब किती बदलेल, यावर मी पडल्या पडल्या बराच विचार केला. जगातल्या सगळ्या गोष्टींवर मी शंका घेतली. तिच्यावर घेतली नाही.

पाहुण्यांच्या लेक्चरला खोली भरलेली होती. पुढच्या रांगेत दुसऱ्या हॉस्पिटलांतले डॉक्टर, मागे आमचे विद्यार्थी, भिंतीला टेकून सर. मी आधी इतर पेशंटांच्या रेघा दाखवल्या. खऱ्या माणसाचा रोखलेला श्वास कधी सपाट नसतो, हे मी दर वर्षी शिकवते. रेघ हळूहळू चढते, वर थोडी डगमगते, मग किंचित खाली सरकत राहते, कारण धरून धरून माणूस थकतो. नीट पाहिलं तर तिच्यावर बारीक बारीक लाटा दिसतात. ते हृदयाचे ठोके. श्वास थांबला तरी ते थांबत नाहीत आणि डबीला हलकेच हलवत राहतात.

"आणि आता ही बघा," असं म्हणून मी मावशीची रेघ पडद्यावर आणली. मागून कुणी तरी 'अरे वा' म्हणालं. मी सुखावले. "काय झटक्यात वर गेलीय बघा. आणि वर गेल्यावर किती स्थिर. लाट नाही, उतार नाही. इतकी सरळ रेघ मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलेली नाही."

माझं वाक्य मलाच ऐकू आलं.

सगळ्या नोकरीत पाहिलेली नाही. कुठल्या मशीननं मला असा आकडा दाखवला असता, की जो मी जन्मात पाहिला नाही आणि इतका छान आहे, तर मी टाळ्या वाजवल्या असत्या? मी आधी मशीन बंद केलं असतं. मनात पाल चुकचुकली. मी पडद्याकडे पाहत राहिले. लाट नाही. ठोके कुठे गेले? झटक्यात वर. श्वास झटक्यात वर जात नाही, श्वास भरत जातो. झटक्यात उचलतात ते काय? डबी छातीखाली असते. डबी वर गेली एवढंच कॅमेऱ्याला कळतं. ती कशानं वर गेली ते कळत नाही. मी हात कपाळाकडे नेला आणि बोटांना रात्रीच्या मलमाचा वास आला.

छाती पुढे, पोट आत.

"मॅडम?" पुढच्या रांगेतून कुणी तरी विचारलं.

"एक मिनिट," मी म्हणाले आणि खोलीतून बाहेर पडले. मागून सरांचं "अहो!" ऐकू आलं. ती मावशीचीच वेळ होती. मी कॉरिडॉरमधून चालायला लागले आणि मग पळायला लागले. माझ्या वयाची बाई हॉस्पिटलात पळाली की सगळे बाजूला होतात, तसे झाले.

मशीनच्या खोलीचं जाड दार बंद झालेलं होतं. बाहेरच्या पडद्यांवर मावशी दिसत होती, वरच्या कॅमेऱ्यातून आणि पायाकडच्या कॅमेऱ्यातून. बाजूनं बघणारा कॅमेरा आमच्याकडे नाहीच. ताईंचं बोट बटणाकडे चाललं होतं.

"थांबवा."

ताई दचकल्या. "मॅडम, तुम्ही इथे नाही ना उभं राहायचं? तुमचाच नियम आहे."

"आणि 'थांबवा' कुणीही म्हणू शकतं, हाही माझाच नियम आहे. थांबवा."

त्यांनी हात मागे घेतला. तोवर सर येऊन पोचले, धापा टाकत आणि रागावलेले. "अहो, पाहुणे तिकडे बसलेत! झालंय काय?"

"आत्ताच्या आत्ता फोटो काढून बघायला हवा. श्वास धरलेला असताना, बीमच्या दिशेनं."

"फोटो आठवड्यातून एकदा काढतो आपण. परवा आहेच. कारण काय लिहू?"

"तिची पाठ दुखतेय."

सर माझ्याकडे नुसते पाहत राहिले. त्यांच्या जागी मी असते तर मीही पाहिलं असतं. एक तर माझी मावशी आत, माझा जीव वर-खाली, आणि कारण म्हणून पाठ. मी चूक ठरले असते तर भाचीच्या घाबरटपणापायी ट्रीटमेंट अडली असं झालं असतं, आणि माझं नाव शंकासुरावरून आणखी कुठे तरी गेलं असतं. पण खरं सांगते, त्या क्षणी मला चूकच ठरायचं होतं. इतकं मनापासून मी कधी काही मागितलं नव्हतं.

"घ्या फोटो," सर ताईंना म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तुम्ही पट्टीच्या मागे उभ्या राहा."

जमिनीवर एक पिवळी पट्टी आहे. मी तिच्या मागे गेले. ताईंनी माइकवर सांगितलं, "मावशी, घ्या श्वास." रेघ झटक्यात उडी मारून हिरव्या पट्टीत गेली आणि तिथे सपाट झाली. फोटो पडद्यावर आला. फासळ्या उचलल्या गेल्या होत्या, त्यांच्या खालचं फुफ्फुस मात्र रोजच्या साध्या श्वासाएवढंच. हृदय मागे सरकलेलं नव्हतं. त्याची गोल कड बीमच्या वाटेत स्पष्ट दिसत होती.

सरांनी फोन उचलला आणि डॉक्टरीणबाईंना बोलावलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ते कळत नव्हतं.

दार उघडल्यावर मी आत गेले. मावशी टेबलावर उठून बसली होती, चष्मा कपाळावर सरकवलेला.

"झालं इतक्यात? आणि तू कशी आत आलीस?"

"मावशी, तू पाठ उचलतेस."

तिनं गाऊन नीट केला. मग म्हणाली, "पट्टी हिरवी होते ना?"

"पट्टी हिरवी होते! पण श्वास कुठे आहे?"

"श्वास टोचतो गं." तिनं ऑपरेशनच्या जागेवर हात ठेवला. "गेल्या आठवड्यापासून खोल घेतला की इथे सुई मारल्यासारखं होतं. त्या दिवशी तू बाहेर बोलत होतीस ना, माझ्याच मावशीला जमू नये म्हणून, मी आत साडीच्या निऱ्या काढत ऐकत होते. मग दुसऱ्या दिवशी सहज छाती पुढे काढून बघितली, तर बाई, रेघ आली की टुणकन वर! मी म्हटलं, हे आपल्याला येतंच. जन्मभर तेच तर शिकवलं."

"दुखत नाही म्हणून मला का सांगितलंस?"

"तुझे पाहुणे येणार होते."

मला तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. "पाहुणे गेले खड्ड्यात! अगं, ती पट्टी कशासाठी आहे माहितीय? तुझं हृदय बाजूला व्हावं म्हणून. ते होतं तिथेच आहे. ते वाचावं म्हणून हा सगळा खटाटोप, आणि तू त्यालाच पुढे करून बसलीस!"

मावशीनं चष्मा काढून हातात घेतला. "मला कुणी हृदयाचं नीट सांगितलंच नाही. सगळे म्हणाले, पट्टी हिरवी करा. मला वाटलं, पट्टी हिरवी म्हणजे तुझं काम झालं."

ती खोटं बोलत नव्हती. तिला मी समजावून सांगितलं होतं, पण माझ्या त्या शिकवायच्या सुरात, आणि शेवटी मीच हसून म्हटलं होतं, "थोडक्यात काय, पट्टी हिरवी कर." जगाला चष्मा दाखवत फिरले. पेशंटला एक खेळ दिला आणि खेळ जिंकण्याचा दुसराही रस्ता असू शकतो हे माझ्या डोक्यात आलं नाही. रेघ म्हणजे श्वास नव्हे. रेघ म्हणजे डबी. एवढी साधी गोष्ट मी शंकासुर विसरले, कारण रेघ माझ्या मनासारखी होती.

त्या दिवशीची ट्रीटमेंट रद्द झाली. डॉक्टरीणबाईंनी मधल्या दिवसांचा हिशोब करायला दुसऱ्या फिजिसिस्टला बसवलं आणि मला त्या खोलीत फिरकू दिलं नाही. मी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होते. लेक्चरची खोली रिकामी झाली होती, पडद्यावर मावशीची रेघ अजून तशीच, सपाट, मला वेडावत. मी जाऊन प्रोजेक्टर बंद केला. संध्याकाळी बाई बाहेर आल्या. "हृदयाला थोडं जास्त गेलंय. थोडंच. शेवटपर्यंत असंच चाललं असतं तर मी आज तुमच्याशी वेगळ्या चेहऱ्यानं बोलले असते." मी भिंतीला टेकले. पण 'थोडं' या शब्दानं माझं कधीच समाधान होत नाही, तेव्हाही झालं नाही.

आता प्रश्न असा की टोचणाऱ्या छातीनं खोल श्वास घ्यायचा कसा. बाईंनी दुखणं कमी करायचं औषध दिलं आणि सांगितलं, पहिल्याएवढा श्वास नाही आला तरी चालेल, जेवढा येईल तेवढा खरा येऊ दे. त्यावर नवा स्कॅन, नवा प्लॅन, पट्टी खाली घेऊ. बाकीच्यांचं म्हणणं पडलं की श्वास शिकवायला मात्र भाचीच बरी, बटणांचा काही संबंध नाही.

मी मावशीला सरावाच्या टेबलावर झोपवलं. चष्मा लावलाच नाही. माझा तळहात तिच्या पाठीखाली सरकवला, कमरेच्या वर, जिथे पोकळी होते तिथे.

"आता श्वास घे. पाठ उचललीस तर माझा हात सुटा होईल, मला लगेच कळेल. हात दाबून ठेव आणि मग घे."

"तुझ्या हाताला लागेल."

"लागू दे."

पहिल्यांदा हात सुटा झाला. "उचललीस." दुसऱ्यांदाही. "उचललीस, मावशी." "अगं सवय आहे, मेली जात नाही!" ती वैतागली, मी वैतागले, दोघी एकमेकींवर खेकसलो. मग एकदा ती नाराजीनं सैल पडली आणि माझा हात टेबल आणि तिची पाठ यांच्यात चिरडला. तशीच पडल्या पडल्या तिनं श्वास घेतला. तिच्या फासळ्या बाजूंनी उघडत गेलेल्या मला हाताला जाणवल्या. मध्येच टोचलं, तिचा चेहरा आक्रसला, पण पाठ हलली नाही.

"असा?"

"असाच."

"हा काय एवढासा. पट्टी हिरवी नाही व्हायची याच्यानं."

"पट्टीच खाली येणार आहे. तू कुठे जाऊ नकोस."

स्कॅन झाला. हृदय मागे सरकलं होतं, पहिल्याइतकं नाही, पण बीमच्या वाटेतून बाहेर होतं. बाईंनी मान हलवली आणि नवा प्लॅन झाला. सरांनी एक कॅमेरा टेबलाच्या बाजूला, पाठीच्या उंचीवर बसवून घेतला. आता तो सगळ्या पेशंटांसाठी आहे. मला ते म्हणाले, "पहिल्या दिवशी माइक तुमच्याकडे. बटणांना हात लावाल तर नियम दाखवीन." आणि ते हसले नाहीत, हे मला बरं वाटलं.

नव्या प्लॅनचा पहिला दिवस. मी आत जाऊन मावशीच्या पाठीखाली हात घातला, दोन श्वास करून घेतले. मग ताई म्हणाल्या, "चला मॅडम, बाहेर." बीम चालू असताना आत पेशंटशिवाय कुणी थांबू शकत नाही. मी हात काढून घेतला. तिच्या पाठीची ऊब तळहातावर घेऊन मी पिवळ्या पट्टीच्या मागे येऊन उभी राहिले. ते जाड दार सावकाश बंद झालं. त्याला नेहमी तेवढाच वेळ लागतो. त्या दिवशी मला तो फार वाटला.

पडद्यावर रेघ वर-खाली होत होती. मी माइक सुरू केला. "मावशी, तयार?"

"हो." मग तिचा आवाज स्पीकरवर आला, अगदी बारीक. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "हात आहे ना गं खाली?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं. 'आहे' म्हणणं किती सोपं होतं. तिनं म्हटलंच होतं ना मला, काठावर उभं राहून. आणि मी तरंगत राहिले होते, जोवर वळून पाहिलं नाही तोवर. मी 'आहे' म्हटलं असतं तर तिनं निवांत श्वास घेतला असता. पण आत पडून ती हात चाचपणार, हे मला माहीत होतं. आणि आमच्या दोघींत खोट्या हिरव्या पट्ट्या पुरे झाल्या होत्या.

"नाही मावशी. हात काढला. मी बाहेर आहे. तुझी पाठ मला दिसतेय, पण आत तुझी तूच आहेस."

रेघ घसरली. वेडीवाकडी झाली. सरांनी घसा खाकरला. मला वाटलं, केला घोळ.

मग स्पीकरवरून हसण्याचा आवाज आला. "मी तेव्हा आहे म्हणाले होते."

"माहितीय. ते पाणी अजून नाकात आहे."

"मला फार भीती वाटतेय गं."

"मलाही वाटतेय. घे श्वास."

बाजूच्या कॅमेऱ्यात तिची पाठ टेबलाला टेकलेली होती. रेघ चढायला लागली. सावकाश, अडखळत, मध्ये एकदा थबकली, तिथे टोचलं असणार, मग पुन्हा चढली. खाली आणलेल्या हिरव्या पट्टीत जेमतेम शिरली आणि तिथे थरथरत राहिली. ती सरळ नव्हती, सुंदर तर नव्हतीच. मी पुढे वाकून पाहिलं. रेघेवर बारीक बारीक लाटा होत्या, एकामागून एक, एकही न चुकता.

"दिसले ठोके," मी म्हणाले. माइक चालूच राहिला होता.

ताईंनी बटण दाबलं.